व्हाइट क्लाउड काटक खरा, पण थंडीपुरता

घरच्या टाकीत कोणता मासा पाळावा, यावर कुणी लिहिलंय की व्हाइट क्लाउड मिनो हा मासा घ्या, पाणी गरम ठेवायला हीटर लागत नाही आणि सहसा मरत नाही. हीटरचं पटलं. पण हा मासा मूळचा चीनमधल्या ग्वांगझूजवळच्या डोंगरी ओढ्यांतला, १८ ते २२ अंशांत खुलणारा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, तेव्हा घरातली टाकीही सहज तिशी ओलांडते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो (२० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात) आणि माशाची गरज उलट वाढते. पहाटे मासे वरच्या थराला तोंड लावून भराभर कल्ले हलवताना दिसले, तर हवा कमी पडतेय. आवाज होतो म्हणून रात्री एअर पंप बंद करू नका. बर्फही टाकू नका, एकदम गार झालेलं पाणी माशांना सोसत नाही.

माझं ऐकाल तर झेब्रा डॅनियो पाळा. हा आपल्याच उपखंडातला, ऊन बऱ्यापैकी सोसतो. माझ्याकडे अंगणातल्या हौदात आहेत. निम्म्या हौदावर सावली आणि वर जाळी, कारण हे उड्या फार मारतात. डासांच्या अळ्या तर दिसल्या की फस्त! आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे आलं की हौद काठोकाठ भरायची सवय. माशांच्या हौदात तेवढी थेट नळी सोडू नका. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना बाधतो, तो उडून जायला पाणी दिवसभर बादल्यांत उघडं ठेवा, मग थोडं थोडं घाला.