मदत हवी आहे: चौथीच्या मुलांना 'हा आपला वर्ग' असं कधी वाटेल?

पाटीपेन्सिल:

मी प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे, पट ३५. मुलं गुणी आहेत. मारामाऱ्या नाहीत, अभ्यासही बरा चाललाय. पण मुलं एका खोलीत बसतात एवढंच. एकमेकांची म्हणून ती वागत नाहीत, आणि हे मला रोज लागतं.

कुणी आठवडाभर आलं नाही तरी 'तो का आला नाही' असं कुणी विचारत नाही. फळ्यापाशी एखाद्याचं उत्तर चुकलं की मागून हसू ऐकू येतं. गटकाम म्हटलं की ठरलेले कंपू आपोआप जमतात आणि शेवटी दोघं उरतात, दरवेळी तीच दोघं. त्यातली मुलगी नवीन आहे, तिची घरची भाषा वेगळी, त्यामुळे ती फारशी बोलत नाही. मुलगा वाचनात मागे आहे. त्याला गटात घ्यायला सांगितलं की 'बाई, आमचे गुण जातील' असं मुलं त्याच्यासमोरच म्हणतात. त्या वेळी त्याचा चेहरा पाहवत नाही.

बाकांच्या जागा बदलून पाहिल्या, पण मधली सुट्टी झाली की पुन्हा तेच कंपू. वाढदिवसांचा तक्ता लावला, तो भिंतीवर छान दिसतो, बाकी काही नाही. वर्गाचे नियम मुलांनाच करायला सांगितले, तर 'बोलू नये, पळू नये, कागद टाकू नये' अशी यादी आली. एकमेकांशी कसं वागायचं यावर त्यात एक ओळही नव्हती. शाळेत चार संघ करून गुण देण्याची पद्धत आधीपासून आहे. त्यात उत्साह खूप दिसतो, पण मागे पडणाऱ्याला सगळ्यात जास्त बोलणी आपल्याच संघाकडून बसतात.

'सगळ्यांशी मैत्री करा' असं सांगून मैत्री होत नाही, आणि ती लादावी असं मला वाटतही नाही. मला एवढंच हवंय की या वर्गात कुणी उरू नये. सकाळी गोल करून बसायची पद्धत ३५ मुलांत जमते का? लाजऱ्या मुलांचं काय करायचं? गटकामाची रचनाच अशी करता येईल का, की त्या दोघांची गटाला खरोखर गरज पडेल? अभ्यासक्रम पुरा करायचाच आहे, म्हणून वेगळा तास काढता येणार नाही. वर्गावर हे केलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

जुना_फळा:

ताई, सगळ्यात आधी संघांचे गुण थांबवा. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले आणि बक्षिसं लावून सामने घेतले. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी असं सगळं सुरू झालं. नंतर त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, तरी वैर गेलं नाही. ते ओसरलं पाण्याची अडचण आल्यावर आणि अडलेला ट्रक सगळ्यांना मिळून ओढावा लागल्यावर. मुलांना अंधारात ठेवून केलेला तो प्रयोग मला मुळीच पटत नाही. पण वर्गापुरतं त्यातून घेण्यासारखं आहे: स्पर्धेऐवजी अख्ख्या वर्गाला मिळून एकच काम द्या. ३५ जणांचं एक हस्तलिखित करा, प्रत्येकाचं पान आल्याशिवाय ते शिवायचं नाही.

गटकामासाठी 'जिगसॉ' पद्धत बघा. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि तणाव फार होता. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत तयार केली. तुमच्याकडे पाच-पाच जणांचे सात गट होतील, आणि ते तुम्हीच पाडायचे. पाठाचे पाच भाग करा, गटातल्या प्रत्येकाला एक भाग द्या. दुसऱ्याचा भाग त्याच्याकडून ऐकल्याशिवाय कुणालाच पाठ पूर्ण कळत नाही. शेवटची चाचणी मात्र ज्याची त्याने द्यायची, गटाला गुण नाहीत. नेहमीचाच पाठ घ्यायचा, त्यामुळे वेगळा तास लागत नाही.

पाटीपेन्सिल:

ही रचना आवडली. पण त्या मुलाला आपला भाग नीट सांगता आला नाही तर गट त्याच्यावरच चिडेल ना?

जुना_फळा:

म्हणूनच मधली पायरी सोडू नका. गटात सांगण्याआधी एकच भाग मिळालेली सातही मुलं एकत्र बसतात, वाचतात, कसं सांगायचं ते ठरवतात आणि बोलून बघतात. तुम्ही तेव्हा त्याच्या शेजारी बसा. त्याचा भाग लहान ठेवा, चित्र काढून सांगता येईल असा निवडा. नव्या मुलीलाही याचा उपयोग होईल, बोलायची वाक्यं तिला आधीच मिळालेली असतील. पहिल्या खेपेला गडबड होणारच, एवढ्यावरून सोडून देऊ नका.

मोरपीस:

गोलाबद्दल लिहिते. ३५ जणांना रोज बोलायला लावलं तर तास संपतो आणि ऐकणारे कंटाळतात. रोज पाच जणांनी बोलायचं, म्हणजे सात दिवसांत सगळ्यांची पाळी येते. बाकीच्यांनी बोलणाऱ्याला प्रश्न विचारायचे, कारण खरी ओळख त्या प्रश्नांतून होते. 'आज नको' म्हणायची मुभा ठेवा. लाजरी मुलं आधी नुसती वस्तू किंवा चित्र दाखवतात, तेवढं पुरे.

गैरहजर मुलांसाठी एक जबाबदारी ठरवा. एका मुलाने त्या दिवशीचा गृहपाठ वेगळ्या कागदावर उतरवून ठेवायचा आणि गैरहजर मूल परत आलं की तो कागद त्याला स्वतः द्यायचा. दर आठवड्याला माणूस बदला.

कोण एकटं पडतंय हे कळण्यासाठी प्रत्येकाकडून गुपचूप दोन नावं लिहून घ्या: कुणाबरोबर काम करायला आवडेल? 'कोण नको' हे चुकूनही विचारू नका. ज्यांचं नाव कुणीच लिहिलं नाही, त्यांनी ज्यांची नावं लिहिलीत त्यांच्याच गटात त्यांना घाला.

पाटीपेन्सिल:

दोघांचेही मनापासून आभार. गृहपाठाचा कागद उद्यापासूनच सुरू करते. संघांचे गुण मात्र सगळ्या शाळेत आहेत, मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल. फक्त आपल्या एका वर्गापुरते ते थांबवले आहेत असं इथे कुणी आहे का? मुलांनी 'आमचे गुण कुठे गेले' विचारलं तेव्हा त्यांना काय सांगितलंत?