दाढ भरल्यानंतर गार पाण्याने कळ येते? तुमचे अनुभव लिहा

नुकतीच खालची दाढ भरून घेतली. कीड खोल होती, दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट भरलंय. आधी दुखत नव्हती, आता माठातलं पाणीही लागतं. घोट गिळला की कळ थांबते. डॉक्टर म्हणाल्या, दोन-चार आठवडे जाऊ देत. पण थांबायचं कुठवर आणि पुन्हा दाखवायचं कधी? ज्यांनी सोसलंय त्यांनी सविस्तर सांगा.

डोंबिवलीहून : मला गार-गरम काही लागत नव्हतं, चावताना कळ यायची. भाकरीचा कडक पापुद्रा त्या दाढेखाली आला की थेट कानशिलात जायची. पुन्हा दाखवलं. डॉक्टरांनी दातांत निळा कागद धरायला लावला, "चावा, आता दात इकडून तिकडे घासा" म्हणाले. भरलेल्या जागी एकच गडद ठिपका उमटला. भरण तेवढंच उंच राहिलेलं. ते घासलं, परत कागद धरला, ठिपका फिका झाला. दुसऱ्या दिवशी त्याच बाजूने जेवले! भूल असताना चावा नीट कळत नाही. ती उतरल्यावर दाढ आधी टेकतेय असं वाटलं तर सोसत बसू नका, लगेच फोन करा.

नाशिकहून : दातांची कळ कमी करणारी, पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरली, रात्री फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. गुण यायला काही आठवडे लागले.

दंतवैद्य आहे, म्हणून थोडं : एनॅमल म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, त्याखालच्या थरात अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गारव्याने तो हलतो आणि नस चिडते. कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे कडेला फट राहिली तरी हेच होतं. कळ काही सेकंदांत जातेय आणि दिवसागणिक कमी होतेय, तर वाट पाहायला हरकत नाही.

सोलापूरहून : माझं उलट झालं. चहाचा घोट घेतला की ठणका सुरू, मग बराच वेळ थांबायचाच नाही. उलट गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटायचं. रात्री आडवं झालं की जास्त. घरच्यांनी लवंगेचं तेल लावलं, त्याने हिरडी भाजली, ठणका तसाच. शेवटी रूट कॅनल केलं. अशी लक्षणं असतील तर महिना मोजत बसू नका.

सांगलीहून : चांदी भरली होती. धातू असल्याने गरम-गार दोन्ही पटकन पोचायचं. हळूहळू आपोआप गेलं.