आयसीयूत शुगर १७० म्हणजे डॉक्टर झोपलेत असं नाही

रात्रपाळी: काल कुणीतरी लिहिलंय, 'बाबा व्हेंटिलेटरवर, शुगर १७०, आणि डॉक्टर म्हणे ठीक आहे, लाज नाही का'. डोकंच फिरलं. अहो २००१ ला बेल्जियममधल्या लूव्हेनला आयसीयूतल्यांची शुगर ८० ते ११० ठेवून मृत्यू कमी झाले, मग जिकडेतिकडे तेच सुरू. २००९ ला नाइस-शुगर ट्रायल आली, सहा हजारांवर पेशंट, ९० दिवसांत कडक कंट्रोलवाले २७.५ टक्के गेले, ढिल्या गटातले २४.९. शुगर ४० च्या खाली गेलेले ६.८ टक्के विरुद्ध ०.५. शुगर अशी उतरली की झोपवून ठेवलेला माणूस 'मला दरदरून घाम फुटलाय' सांगणार का तुम्हाला? म्हणून १८० ओलांडली की इन्सुलिन, आणि मग १४० ते १८०.

बारामतीकर: आकडे नका फेकू. माझ्या सासऱ्यांची २६० होती, 'स्ट्रेसने वाढते हो' म्हणत बसले, पायाची जखम चिघळली. आणि लूव्हेनवाले काय येडे होते?

रात्रपाळी: २६० ला कोण ठीक म्हणतंय? वाचा तरी नीट. लूव्हेनचे बरेचसे हार्ट सर्जरीवाले, वर शिरेतून भरपूर ग्लुकोज, सगळ्यांना ते कसं लागू होणार?

सिस्टर_पुणे: १७० वरून भांडताय, पण तो मोजला कुठून? शॉकमधल्या पेशंटची बोटं बर्फासारखी, बीपी वाढवायच्या औषधाचा पंप चालू, त्यात बोट टोचून आलेला आकडा काय कामाचा. आर्टरीतून (धमनीतून) रक्त घ्या, एबीजी मशीनवर (रक्तातले वायू तपासतात ते) लावा. आणि निम्मे घोळ तर घरूनच येतात, सिरिंजचे! लाल टोपीची सिरिंज ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनची, केशरी १०० ची. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं इन्सुलिन लाल टोपीत २० च्या रेघेपर्यंत ओढलं की गेले ५० युनिट, पेशंट थेट कॅज्युअल्टीत.

बारामतीकर: मग ४० च्या बाटल्या बंदच करा ना!!

सिस्टर_पुणे: पेनचे पैसे तुम्ही देणार? आमच्याकडे येणाऱ्या आजी सिरिंजसुद्धा धुऊन वापरतात.

मेडिकलवाला: आम्ही ओरडून सांगतो बाटली बघून सिरिंज न्या, गिऱ्हाईक म्हणतं स्वस्तातली द्या.

बारामतीकर: तुम्हीच देता की हाताला येईल ती! माझ्या बायकोला केशरी दिलेली, बाटली ४० ची, २० समजून ८ च युनिट जात होते, शुगर ४०० च्या खाली येईना.

मेडिकलवाला: सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

रात्रपाळी: धागा आयसीयूचा होता हो.

बारामतीकर: बरं बाबा, १७० चालते. खूश? आता सांगा, आर्टरीतून घेतलेल्या प्रत्येक सँपलचं बिल वेगळं लावतात का?

सिस्टर_पुणे: लावतात.