मदत हवी आहे: 'फॉर अपडेट' लावल्यावर नको त्या रो पण लॉक होतात

नमस्कार मंडळी,

मायएसक्यूएल ८.० डेटाबेसमध्ये, पाठवायच्या मेलचं एक टेबल आहे. चार वर्कर (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम) त्यातली 'बाकी' स्थितीची एकेक रो (ओळ) उचलतात, मेल पाठवतात आणि स्थिती 'झाले' करतात. आधी साधं सिलेक्ट होतं, तेव्हा दोन वर्कर एकच रो उचलायचे आणि तोच मेल दोनदा जायचा. म्हणून क्वेरीच्या शेवटी 'लिमिट १ फॉर अपडेट' लावलं, म्हणजे एकच रो घ्यायची आणि ती इतरांसाठी लॉक करायची.

दुहेरी मेल थांबले, पण आता चौघे एकमेकांची वाट बघत बसतात. मेल सर्व्हर रेंगाळला की ५० सेकंदांनी मागच्यांना एरर १२०५, लॉक वेट टाइमआउट. त्याहून मोठं कोडं म्हणजे, केव्हाच 'झाले' झालेल्या एका जुन्या रोमधला पत्ता हाताने दुरुस्त करायला गेलो, तर तो अपडेटही अडकला! मी एकच रो मागतोय, मग ही कशी लॉक झाली?

आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ती सेटिंग) मूळचीच, रिपीटेबल रीड. स्थितीच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही. मेल ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) आतच पाठवतो, कारण कमिट झालं, म्हणजे बदल पक्के झाले, की लॉक सुटतं. दोन दिवस यातच गेलेत, कृपया सांगा.

उत्तर:
इंडेक्स नाही, तिथेच घोळ आहे. इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) फक्त अटीत बसणारी रो लॉक करत नाही. शोधताना वाटेत तपासलेल्या सगळ्या रो लॉक करतं, आणि रिपीटेबल रीडमध्ये ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सोडत नाही. तुमच्या जुन्या रो त्या वाटेवरच आहेत. स्थिती आणि आयडी मिळून एक इंडेक्स करा.

तरी वर्कर खोळंबतीलच, कारण चौघांनाही पहिली रो तीच दिसते. फॉर अपडेटच्या पुढे 'स्किप लॉक्ड' लिहा, ८.० मध्ये ते आहे. मग लॉक असलेली रो सोडून प्रत्येक जण पुढची उचलेल.

आणि मेल पाठवणं कृपा करून ट्रान्झॅक्शनबाहेर काढा. रो उचला, स्थिती 'चालू' करा, कमिट करा, मग निवांत पाठवा.

प्रश्नकर्ता:
इंडेक्स टाकला, जुनी रो लगेच अपडेट झाली. मनापासून आभार! पण पाठवताना वर्करच बंद पडला, तर ती रो 'चालू'वरच राहील ना?

उत्तर:
राहील. म्हणून उचलल्याची वेळ त्याच रोमध्ये लिहा आणि फार जुन्या 'चालू' रो परत 'बाकी' करा. मात्र मेल गेला आणि 'झाले' लिहायच्या आत वर्कर पडला, तर तो मेल पुन्हा जाईल. ते कुठल्याच लॉकने अडत नाही. मेल सेवेला सोबत रोचा आयडी पाठवता येत असेल आणि ती त्यावरून दुसरा मेल नाकारत असेल, तरच ते टळेल.