जुना पियानो मोबाईलच्या ॲपवर ट्यून होतो का? (बेळगाव)

टिळकवाडीकरीण
नमस्कार मंडळी. आमच्याकडं एक जुना अपराईट पियानो आलाय, कॅम्पातल्या एका बंगल्यातनं, मालक बेळगाव सोडून गेले म्हणून मिळाला. मुलगी शिकालीय, मन लावून शिकालीय. पण इथं ट्यून करणारा माणूस मिळत नाही हो, गोव्याचे एकजण आहेत पण चार कामं एकदम जमल्याशिवाय ते चोर्ला घाट चढून येत नाहीत, त्यांचंही बरोबरच आहे. मग आमच्या ह्यांनी किल्ली आणि रबरी पाचरी मागवल्या आणि मोबाईलवरचं गिटारचं ॲप लावून मधली दोन सप्तकं मिळवली. स्क्रीनवर सगळं हिरवं दाखवतंय, तरी दोन्ही हातांनी वाजवलं की कणसूर लागतंय, खालचे सूर तर वरच्यांशी भांडतायत नुसते. ॲपचा दोष की पियानोचा? महागातलं मशीन घेतलं तर जुन्या पियानोला उपयोग होईल का?

शहापूरचा पेटीवाला
ताई, मी पेट्या दुरुस्त करतो, पियानोही उघडलेत. पेटीची रीड टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, साध्या ट्यूनरवर मिळवली तरी काम भागतं. पियानोच्या तारेचं तसं नाही. ती पोलादी आणि ताठ असते. तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतनं गंधार ऐकू येतो ना, तसे वरचे सूर पियानोच्या तारेतनंही निघतात, पण ताठपणामुळं ते गणितानं बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट येत नाहीत, थोडे चढे येतात. ह्याला इनहार्मोनिसिटी म्हणतात. आता खालचा सा आणि वरचा सा दोन्ही कागदावरच्या आकड्यावर नेऊन ठेवलात तर खालच्या तारेतनं निघणारा चढा सूर वरच्या सा ला घासणारच. म्हणून चांगला ट्यूनर वरची सप्तकं जरा चढी आणि खालची जरा उतरी ठेवतो, स्ट्रेच म्हणतात ते हेच. रेल्सबॅक नावाच्या अमेरिकन माणसानं १९३८ साली कानानं मिळवलेले पियानो मोजून त्याचा आलेख मांडला, टोकाच्या सुरांना हा फरक पार ३० सेंटांपर्यंत जातो (शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). गिटारच्या ॲपला ह्यातलं काहीच माहीत नसतं, ते प्रत्येक सूर सुटा बघतं.

आणि अजून एक. घरात तानपुरा, भजन ऐकणारे असाल तर पियानोचा गंधार तुम्हाला चढा लागणारच, तो शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, सप्तक बारा सारख्या भागांत वाटलं की असंच होतं. मधल्या सा च्या खालची पांढरी चार आणि पांढरी सहा (चारला सा धरलं तर सहा तिचा गंधार) एकदम दाबून बघा, सेकंदाला साधारण ७ लाटा, म्हणजे आवाजाचं लहान-मोठं होणं, ऐकू यायला पाहिजेत. त्या लाटा बरोबर असल्याची खूण आहे, त्या घालवायला जाऊ नका.

निपाणीवाला
पेटीवाले काकांनी मुळावरच बोट ठेवलं. मी फक्त मशीनचं सांगतो. पियानोसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर घ्या, गिटारचं नको. ट्यूनलॅब काही निवडक सूर ऐकून तुमच्या पियानोची इनहार्मोनिसिटी मोजतं आणि त्यावरनं स्ट्रेचची वक्ररेषा काढतं. एन्ट्रॉपी पियानो ट्यूनर फुकट आहे, जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात तयार झालंय, ते आधी ८८ च्या ८८ पट्ट्या रेकॉर्ड करून घेतं मगच हिशोब करतं, वेळ लागतो पण शिकायला छान.

पण खरा प्रश्न तुमचा पियानो कसा आहे हाच आहे. लांब ग्रँडला, म्हणजे आडव्या तारांच्या मोठ्या पियानोला, खालच्या तारा लांब असतात, इनहार्मोनिसिटी कमी आणि ती सुरामागून सुराला हळूहळू बदलत जाते, तिथं मशीननं काढलेली रेषा आणि चांगल्या माणसाचा कान जवळपास एकाच जागी येतात. बुटक्या पियानोत तसं होत नाही. तांब्याचं वेटोळं असलेल्या जाड तारा संपून साध्या तारा सुरू होतात ना, तिथं एकदम उडी पडते, आणि एक गुळगुळीत रेषा दोन्ही बाजूंना बसत नाही. तिथं मशीनचा आकडा धरून बसू नका, सप्तक वाजवा, पाचवा (सा-प) वाजवा आणि दोन्हीतल्या त्यात बरं काय लागतंय ते कानानं ठरवा. आणि गंजलेली एकटी तार स्वतःशीच लाटा मारत असेल तर तिला कुठलंही मशीन स्थिर आकडा दाखवणार नाही, तिथं महागाच्या मशीनचे पैसे वाया. तुमचं बजेट असेल तर ते गोव्याच्या माणसाच्या एका फेरीवर घाला असं माझं स्पष्ट मत.

खानापूर क्वायर
युनिसन, म्हणजे एकाच सुराच्या तारा आपसात मिळवणं, मशीनवर नका करू!! मधल्या-वरच्या सुरांना प्रत्येकी ३ तारा असतात, बाजूच्या दोन पाचरीनं बंद करा, मधली तेवढी मशीनवर मिळवा, मग एकेक पाचर काढून बाकीच्या तारा मधलीशी कानानं मिळवा. लाटा हळूहळू लांबत जातात आणि एका जागी सूर एकदम मोकळा होतो, कळतंच ते. लहान मुलीलासुद्धा ऐकू येईल, तिलाच बसवा की शेजारी. चांगला-वाईट कुठलाही पियानो असू दे, ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी युनिसन बिघडलेलंच कळतं.

टिळकवाडीकरीण
खूप आभार सगळ्यांचे, ७ लाटांचं लगेच ऐकून बघितलं, आमच्या तर मोजताच येत नाहीत इतक्या भराभर! एक विचारायचं राहिलं, मधल्या दोन सप्तकांना आम्ही ४४० वर (मधल्या पांढरी सहाची सेकंदाला कंपनं) आणलं पण बाकीचा पियानो जवळजवळ एक पट्टी उतरलेला आहे, म्हणजे त्याच हिशोबानं ४२० च्या खाली. ह्यांचं म्हणणं एका रविवारी बसून सगळाच वर ओढू.

शहापूरचा पेटीवाला
दादांना थांबवा ताई. २२० च्या वर तारा आहेत, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांत जातो, एक बाजू ओढली की लाकूड दबतं आणि आधी लावलेली बाजू उतरते. म्हणून जाणती माणसं जितका उतरलाय त्याच्या साधारण पाव भाग जास्त चढवून ठेवतात, मग तो खाली येऊन जागेवर बसतो, आणि बारीक ट्यूनिंग त्यानंतर वेगळं. मधल्या सप्तकांना तुम्ही आधीच ओढलंय तर तिथं गंज आहे का ते टॉर्च लावून बघा, गंजकी जुनी तार अशा वेळी तुटते आणि तोंडावर येऊ शकते. मुलगी एकटीच वाजवणार असेल तर सगळा पियानो आहे त्याच्या जरा वर, समजा ४२५ वर एकसारखा लावला तरी शिकायला काही अडत नाही, पियानोच्या ॲपमध्ये तो आकडा बदलता येतो.

आणि आत्ता पावसात करूच नका. बेळगावचा पाऊस म्हणजे लाकूड फुगलेलं, मधले सूर चढलेले, पुढं हवा कोरडी झाली की परत सगळं उतरणार. दसरा-दिवाळीनंतर हवा बसू दे. तोवर एवढंच करा, किल्ली लावून तारा गुंडाळलेल्या पाचसहा पिना अगदी केसभर हलवून बघा. घट्ट, जड लागल्या तर पियानोत जीव आहे. लोण्यातनं फिरल्यासारख्या सैल लागल्या तर आतला पिनब्लॉक, म्हणजे पिना धरून ठेवणारं लाकूड, गेलाय, मग ॲप कुठलंही असो, सूर आठवडाभर टिकणार नाही. कशा लागल्या ते इथं लिहा, मग पुढचं बघू.