तळव्यावरचा तीळ: अमेरिकेतली चिकटपट्टीची जीन टेस्ट इकडे होते का?

लष्करवाली मामी
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, घर लष्करात, जनकगंजला. (लष्कर म्हणजे फौज नव्हे हो, शहराच्या या भागाचं नाव. दर वेळी सांगावं लागतं.)

प्रश्न आमच्या यजमानांचा. वय ६६. डाव्या टाचेजवळ तळव्याला तीळ आहे. वर्षानुवर्षं मसुराच्या डाळीएवढा होता. यंदा नरकचतुर्दशीला तेल लावताना बघते तर चांगला वाटाण्याएवढा झालेला, एका कडेने शाई पसरल्यासारखा, कुठे काळा कुठे तपकिरी. हे म्हणाले, चपलेचा रंग लागलाय. मी वज्रीने घासून पाहिलं. रंग कसला निघतोय!

इथल्या एका स्किनवाल्यांनी लांबूनच बघून मलम लिहून दिलं. तिकडे सॅन दिएगोचा भाचा रोज फोन करतो, "मामी, कापू देऊ नका, आधी जीनची टेस्ट करा." त्याच्या पाठीवरच्या तिळाला चार वर्षांपूर्वी नुसत्या चिकटपट्ट्या लावून काढल्या, लॅबला पाठवल्या, रिपोर्ट चांगला आला, सुरी लागलीच नाही. शेजारच्या भाभी म्हणतात, तीळ कापला की कॅन्सर अंगभर पसरतो.

ही पट्टी भारतात मिळते का? आणि भाभींचं खरं आहे का?

निवांत_नाना
तळव्याला तीळ म्हणजे परदेशगमनाचा योग! रात्री एरंडेल लावून मोजे घाला, बसेल.

लष्करवाली मामी
नाना, हे भोपाळच्या पलीकडे जायला तयार नसतात. एरंडेल तुम्हीच घ्या.

स्लाईडबाई
मामी, मी इंदूरची, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोकं घालून काढली, म्हणून जरा लांबण लावते.

भाच्याची पट्टी खरी आहे. ती त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या पेशी ओढून घेते आणि लॅबमध्ये त्यांतला आरएनए तपासतात. मुख्यतः दोन जीन जागे झालेत का ते पाहायचं. त्यातल्या एकाचा उच्चार चक्क 'प्रेम' असा होतो. हसू नका, मेलानोमात, म्हणजे तिळासारख्या दिसणाऱ्या त्या कॅन्सरमध्ये, हे प्रेम बहुतेक वेळा उतू जात असतं. साध्या तिळात सहसा नसतं. पण ती टेस्ट तळवे, तळहात आणि नखं यांच्यासाठी नाहीच. तेव्हा पट्टी हातात असती तरी तुमच्या कामाची नव्हती. शिवाय ती काढणाऱ्या डर्मटेक कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे मेलानोमा कमी. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळव्याला किंवा नखाखाली होतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला, तो पायाच्या बोटाच्या नखाखालच्या अशाच डागाने. आधी फुटबॉलची दुखापत समजले होते.

तुम्हाला आधी हवा डर्मोस्कोप, म्हणजे दिवा असलेलं भिंग. तळव्याची कातडी सरी-वरंब्यासारखी असते. साध्या तिळाचा रंग सहसा सरीत बसतो. रंग वरंब्यावर चढलेला दिसला की आम्ही सावरून बसतो. मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत विचारा. मलम बंद करा.

शंका आली तर थोड्या चांगल्या कातडीसकट अख्खा तीळ काढून तपासायचा. कापल्याने पसरत नाही, भाभींना सांगा. मात्र लेझरने किंवा कॉटरीने जाळू मुळीच देऊ नका. जाळलेल्या तिळाचं मी काय बघणार, राख?

आता जीन. बहुतेक तीळ नुसत्या स्लाईडवरच कळतात. अडलं तर त्या 'प्रेम'चा रंग देऊन बघतात. तरी अडलं तर फिश नावाची टेस्ट असते, तिच्यात सहाव्या आणि अकराव्या गुणसूत्राचे ठरावीक तुकडे जास्त झालेत की गळालेत ते मोजतात. साध्या तिळातही जीनमध्ये बिघाड असतो बरं का, पण गुणसूत्रांचा हिशोब बहुधा जुळतो. मेलानोमात तो विस्कटतो. म्हणून कोणी 'बीराफ पॉझिटिव्ह', म्हणजे बीराफ नावाच्या जीनमध्ये बदल आहे, म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. तो बदल निरुपद्रवी तिळांतही सर्रास सापडतो. कॅन्सर पक्का झाल्यावर, आजार पुढे गेलेला असेल तर औषध निवडायला त्याचा उपयोग. आणि रक्त किंवा थुंकी देऊन 'हा तीळ कसला' हे ठरत नाही, पॅकेजवाले काहीही म्हणोत.

दांडियाबाजारकर
बडोद्याहून. स्लाईडबाईंना दुजोरा, आणि अनुभवाची एक पुरवणी: ब्लॉक मागून घ्या!

आमच्या मुलीच्या गालावर चौदाव्या वर्षी लालसर गाठ आली होती. काढली. एक पॅथॉलॉजिस्ट म्हणाले स्पिट्झ नीवस, म्हणजे निरुपद्रवी तिळाचाच एक प्रकार, दुसरे म्हणाले मेलानोमा नाही असं ठामपणे सांगता येत नाही. इथे फिशचा खरा उपयोग झाला. पण त्यासाठी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला मूळ तुकडा लागतो, नुसत्या रिपोर्टचा कागद चालत नाही. आमच्या लॅबने तो द्यायला आठ दिवस घोळ घातला. मग टाटाला, मुंबईला, मी स्वतः घेऊन गेलो. मे महिना, मेण वितळेल या भीतीने ब्लॉक पाण्याच्या थंड बाटलीला बांधून मांडीवर. टीसीने दोनदा विचारलं, काय आहे. गुणसूत्रं जुळली. मुलगी आता कॉलेजात आहे, सहा महिन्यांनी दाखवून येतो.

लष्करवाली मामी
कळवायला उशीर झाला, क्षमा असावी. डर्मोस्कोपखाली मॅडमनी मलाच बघायला बोलावलं. वरंबेच वरंबे, मला अडाण्यालाही दिसले. लगेच तीळ काढला. रिपोर्ट मेलानोमा, खोली ०.६ मिमी. जीन टेस्ट लागणार का विचारलं तर पॅथॉलॉजिस्ट म्हणाले, स्लाईड इतकी स्पष्ट आहे की खर्च कशाला. आता भोवतीने एक सेंटीमीटर आणखी काढायचंय, पुढच्या बुधवारी. भाचा दोन दिवस गप्प होता, आज त्याने तिकीट काढलं.

हे कुबडी घेऊन बाड्यावर (आमच्या लष्करातला चौक) कचोरी खायला निघाले होते, अडवलं. ब्लॉक भांडून आणलाय. देवघराच्या कपाटात ठेवलाय. तिथे उदबत्तीची धग चालेल ना?

स्लाईडबाई
उदबत्ती चालेल. निरांजन लांब ठेवा. आणि उजव्या पायाचा तळवा, नखंही दाखवलीत का?