इंदूरच्या गिरण्या लाल बावट्यानं बुडवल्या का?

पाटनीपुरेकर:
अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात उभे होतो. रात्रीचे दोन. जावईबापू म्हणाले, "बाबा, या गिरण्या तुमच्या लाल झेंड्यानंच बुडवल्या." माझे अण्णा २६ वर्षं गिरणीत माग चालवत होते. त्यांच्या ट्रंकेत लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्ट युनियनची, चार आण्यांची पावती अजून आहे. शाई उडालीय, शिक्क्यातला विळा-हातोडा तेवढा दिसतो. गिरणी बंद झाली, आणि हिशेबाचा पहिला चेक आला तो आईच्या नावानं. तोही अर्धामुर्धा. जावयाला तोंडावर उलट बोलता येईना, म्हणून इथे विचारतोय.

नंदानगरवाला:
त्यांना एवढंच विचारा, करारावर सही कुणाची असायची? मध्य प्रदेशच्या १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्यानं वाटाघाटीचा हक्क एकाच 'प्रातिनिधिक' युनियनला. आपल्या कापड गिरण्यांत ती इंटकची, म्हणजे काँग्रेसवाल्यांची. १९६२ ला लाल बावट्याचे पुढारी होमी दाजी इथून लोकसभेवर गेले, गेटवर त्यांच्या सभेला मुंगी शिरायला जागा नसे. पण आत टेबलाशी लाल बावट्याला खुर्ची नव्हती.

आणि १९७४ नंतर मालवा, कल्याणमल, स्वदेशी या गिरण्या तर सरकारी एनटीसीकडे (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे). मग जुनाट यंत्रं बदलायची कुणी, मजुरानं? कापड काही संपलं नाही हो. ते बुऱ्हाणपूर-भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं, जिथे बाराबारा तासांची पाळी आणि पीएफचं नाव काढायचं नाही. याला गिरणी बुडणं म्हणत नाहीत, पगारवाला मजूर टाळणं म्हणतात.

रिटायर्ड_कॉम्रेड:
सगळं खरं, पण थोडं आपल्याकडेही घ्या की. एकेका मजुरानं दोनाऐवजी चार माग बघायचे म्हटल्यावर गेट अडवणाऱ्यांत मीच पुढे होतो. उरलेल्यांचं काय होणार, हा प्रश्न रास्तच होता. पण 'नाही' म्हटल्यावर पुढे काय, याचं उत्तर आमच्या एकाही पत्रकात नसायचं.

वकिलीणबाई:
१९८५ पासून कंपनी कायद्यात बुडीत कंपनीतलं मजुराचं देणं आणि बँकेचं तारणकर्ज एका रांगेत. हे कागदावर. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ ला बंद पडली, मोठी चेकवाटणी झाली डिसेंबर २०२३ ला. ३२ वर्षं! तीही कशामुळे, तर ४२ एकर जागेला गृहनिर्माण मंडळाचं गिऱ्हाईक लागलं म्हणून. भंगारातल्या यंत्रांवर रांग हलली नसती.

पाटनीपुरेकर:
जावईबापूंना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे इंटकनं बुडवल्या." आता कपाळ बडवून घेऊ? बायको म्हणते, पोहे निवताहेत, वाद संध्याकाळी.